पूर्णवाचितांसाठी राखीव

टालबारा वाचन मंडळाच्या (नोंदणीकृत) चौदा वर्षांच्या इतिहासात ज्या प्रसंगाची घटनेत कुठेही तरतूद नव्हती, तो प्रसंग मार्च महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ओढवला. मंडळाच्या एका सदस्येने पुस्तक वाचून संपवले होते.

सदस्येचे नाव व्हेल्मा ग्रिबल, वय अडुसष्ट. एकतीस वर्षे तिने शाळेची बस चालवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर असताना पुस्तक कशात धरायचे, असे ती विचारी. निवृत्तीनंतर ती मंडळात आली ती गप्पांसाठी आणि केकसाठी. याबद्दल तिला कुणी नावे ठेवली नाहीत, कारण उरलेले नऊ सदस्यही त्याचसाठी येत होते.

मंडळाची पद्धत सरळ होती. जिल्हा ग्रंथालयाकडून एक हिरवी पिशवी येई. तिच्यात एकाच कादंबरीच्या दहा प्रती आणि चर्चेसाठी प्रश्नांचा एक कागद असे. पहिल्या गुरुवारी सगळे गावच्या जुन्या हॉलमध्ये जमत, प्रत्येक जण घरून काहीतरी खायचे करून आणी, चहाचा बंब चालू होई आणि चर्चा सुरू होई. अध्यक्षा ग्लेनिस ऑर्चर्ड म्हणे, "वर्णनं छान आहेत." मेंढ्यांचा कळप सांभाळणारा कीथ डॅलो म्हणे, "मधे जरा लांबली." या दोन वाक्यांवर आजवर ऐंशीच्या वर कादंबऱ्या निघाल्या होत्या. मग 'चर्चा पूर्ण झाल्याचा दाखला' भरून पिशवी परत जाई आणि दुसरी येई.

या वेळी पिशवीत इमोजेन क्विल्टी नावाच्या लेखिकेची 'खाऱ्या तळ्यावरची होडी' ही कादंबरी होती. त्यात एडना नावाची एक बाई असते. तिचा नवरा एके सकाळी होडी घेऊन तळ्यावर जातो आणि चहापर्यंत येतो म्हणून सांगतो. तळे अकरा वर्षांपूर्वीच आटलेले असते. सात वर्षांनी एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारावर थाप पडते. दार उघडायचे की नाही, एवढाच मग शेवटच्या पानांचा प्रश्न उरतो.

व्हेल्माच्या स्वयंपाकघराच्या दारावरही एकदा अशी थाप पडली होती. तिचा भाऊ ॲलन, ज्याच्याशी ती बापाच्या जमिनीवरून चार वर्षे बोलत नव्हती, नऊ वर्षांपूर्वी दारात येऊन उभा राहिला होता. व्हेल्माने रेडिओ बंद केला आणि त्याची गाडी निघून जाईपर्यंत ती टेबलाशी बसून राहिली. त्याच हिवाळ्यात ॲलन गेला. हे तिने कधी कुणाला सांगितले नव्हते. आता मात्र कादंबरी खाली ठेवल्यापासून तिला राहवत नव्हते. एडनाने जे केले ते बरोबर की चूक, हे तिला कुणाशी तरी बोलायचे होते. वाचन मंडळ याचसाठी असते, अशी तिची समजूत होती.

"माझं वाचून झालं," ती म्हणाली. "आणि मला त्या शेवटाबद्दल..."

"थांब! थांब गं बाई!" ग्लेनिसने दोन्ही कानांत बोटे घातली. "मी एकशे चाळीसवर आहे!"

"मी दोनशेवर!" खिडकीशेजारून कुणी ओरडले.

"मी पण साधारण तिथंच," आणखी चौघे म्हणाले. कुठे, ते त्यांनी सांगितले नाही.

"कीथ, तू कुठं आहेस?" ग्लेनिसने बोटे किंचित सैल करून विचारले.

कीथने पुस्तकाच्या मुखपृष्ठाकडे पाहिले. त्यावर एक निळे दार होते. "माझा चष्मा सापडत नाहीये," तो म्हणाला. "मी अजून दाराबाहेरच आहे."

इथे चिटणीस बेव्हन स्मीटन उभा राहिला. बेव्हनने जिल्हा परिषदेच्या रस्ते व गटारे विभागात सव्वीस वर्षे काढली होती. तो निवृत्त झाला होता, पण विभाग त्याच्यातून निवृत्त झालेला नव्हता. "रस्त्याच्या कामाला चार यंत्रं निघाली," तो म्हणाला, "की सगळ्यांत हळू यंत्राच्या पुढं कुणी जायचं नाही, असा दंडक आहे. नाहीतर अपघात होतो. मी ठराव मांडतो: कोणतीही चर्चा सर्वांत मागे असलेल्या सदस्याच्या पानापुढे नेण्यात येऊ नये."

ठराव एकमताने मंजूर झाला. व्हेल्मानेही हात वर केला. दुसऱ्याची मजा घालवू नये, हे तिला पटले. महिनाभराची तर गोष्ट, असे तिला वाटले.

एप्रिलच्या सभेत बंबाशेजारी एक वही ठेवलेली होती. तिच्यात नाव, पान आणि सही असे तीन रकाने होते. ग्लेनिसने एकशे बावन्न लिहिले. व्हेल्माने तीनशे अठरा लिहिले. कीथने शून्य लिहिले आणि तो ओशाळून हसला.

ठरावानुसार त्या दिवशीची चर्चा मुखपृष्ठापुरती मर्यादित राहिली. ती एक तास पन्नास मिनिटे चालली. दाराचा निळा रंग गडद की फिका, यावर दोन तट पडले. दार आत उघडणारे की बाहेर, यावर बेव्हनने फळ्यावर आकृती काढली. असे उन्हातले दार हिवाळ्यात फुगणार आणि अडणार, असे कीथने स्वतःच्या गोठ्याच्या अनुभवावरून ठामपणे सांगितले, आणि चौदा वर्षांत प्रथमच त्याला टाळ्या पडल्या. इतकी रंगलेली चर्चा मंडळात कधी झाली नव्हती. इतिवृत्त अकरा पानांचे झाले. ते मात्र सर्वांनी अथपासून इतिपर्यंत वाचले, कारण त्यात प्रत्येकाचे नाव होते.

"शेवटी हे दार उघडतं की नाही, देव जाणे," ग्लेनिस सॉसेज रोल उचलत म्हणाली.

बेव्हनने पेन खाली ठेवले. "व्हेल्मा, तुझी भुवई."

"काय झालं माझ्या भुवईला?"

"वर गेली. उजवी."

"माशी बसली होती रे."

"माशी असेलही. पण दाराचा विषय चालू असताना बसली. त्यावरून काही सदस्यांनी निष्कर्ष काढले असण्याची शक्यता आहे."

"कसले निष्कर्ष?"

"ते सांगितलं तर शेवट फुटेल," बेव्हन म्हणाला.

परिषदेत एखाद्या सभासदाचा एखाद्या विषयात हितसंबंध असेल तर तो तसे जाहीर करतो आणि विषय संपेपर्यंत बाहेर जाऊन बसतो, हे बेव्हनने सर्वांना समजावून सांगितले. व्हेल्माचा त्या पुस्तकात हितसंबंध उत्पन्न झालेला होता, हे तिच्या स्वतःच्या सहीनिशी वहीत नोंदलेले होते. त्यामुळे घटनेत नियम सात-अ घालण्यात आला: ज्या व्यक्तीने पुस्तक पूर्ण वाचले असेल (यापुढे 'पूर्णवाचित') तिने चर्चेच्या काळात व्हरांड्यात बसावे. व्हरांड्यात एक खुर्ची ठेवण्यात आली. तिच्या पाठीवर बेव्हनने कागद चिकटवला: पूर्णवाचितांसाठी राखीव.

"राग मानू नकोस हं," ग्लेनिसने जाळीच्या दारातून तिला चहा आणि केकचा तुकडा दिला. "तुझ्याबद्दल आम्हाला फार आदर आहे. तू वाचलंस, केवढी मोठी गोष्ट! फक्त आत येऊ नकोस."

व्हेल्माला रागापेक्षा वाईटच जास्त वाटले. बसमध्ये दंगा करणाऱ्या पोरांनाही तिने कधी एकटे खाली उतरवले नव्हते.

तिने हिशोब मांडला. कीथ पुढे सरकला तर चर्चा पुढे सरकणार, चर्चा पुढे सरकली तर कधीतरी एडनाच्या दारावर थाप पडते त्या तीनशे बाराव्या पानावर येणार. म्हणून मे महिन्यात ती खजुराचा केक घेऊन कीथच्या कुरणात गेली. कीथ कुंपणाची तार ओढत होता. चष्मा त्याच्या टोपीवर होता.

"तो काय चष्मा!" व्हेल्मा म्हणाली.

"अरेच्चा," कीथ म्हणाला. त्याचा आवाज मात्र फारसा चकित झालेला नव्हता. "खरं सांगू का? शाळेत बाईंनी मला फळ्यासमोर उभं करून वाचायला लावलं होतं. त्यानंतर मी पुस्तकाच्या वाटेला गेलो नाही."

"मग मी वाचते. तू तार ओढ."

कीथने एक बादली पालथी घातली. तिच्यावर बसून व्हेल्माने नऊ पाने वाचली. सुरुवातीला कीथ पक्कड घेऊन कुंपणाशी होता. चौथ्या पानाला तो कुंपणाला टेकून उभा होता. नवव्या पानाला पक्कड गवतात पडली होती.

"आटलेल्या तळ्यावर होडी घेऊन गेला हा गाढव?" तो म्हणाला. "आणि ती काही बोलली पण नाही? मग परत येतो का तो?"

"वाच की लेका."

"काय बाई आहे," कीथ पुटपुटला. तो व्हेल्माबद्दल बोलत होता की एडनाबद्दल, ते कळले नाही.

ही बातमी ग्लेनिसला शुक्रवारपर्यंत कळली आणि शनिवारपर्यंत तिची झोप उडाली. त्याचे कारण असे, की ग्लेनिसच्या प्रतीत औषधाच्या दुकानाची पावती खूण म्हणून घातलेली होती, आणि ती सहाव्या पानात होती. मार्चमध्येही ती तिथेच होती. कीथ नवव्या पानावर गेला, याचा अर्थ सर्वांत मागे आता अध्यक्षा होत्या. बाकीच्यांनीही घरी जाऊन आपापल्या खुणा पाहिल्या आणि त्यांनाही घाम फुटला. कीथचे शून्य ही मंडळाची सामायिक मालमत्ता होती. त्याच्या आडोशाला आठ जण सुखाने उभे होते, आणि हा आडोसा ढासळू देणे कुणालाच परवडणारे नव्हते.

जूनच्या सभेत व्हेल्मावर 'सहाय्यित वाचना'चा आरोप ठेवण्यात आला.

"वाचनाचा वेग ही प्रत्येकाची खासगी बाब आहे," ग्लेनिस म्हणाली. "कुणाच्या कुरणात घुसून, केक दाखवून, त्याला वाचायला लावायचं? आज कीथ, उद्या कोण?"

"अगं पण हे वाचन मंडळ आहे ना?" व्हेल्मा जाळीबाहेरून म्हणाली.

"म्हणूनच तर," बेव्हन म्हणाला. "इतर मंडळांत असं घडण्याचा धोकाच नसतो."

एखाद्या सदस्यास वाचनास उद्युक्त करणे हे गैरवर्तन ठरवण्यात आले, आणि व्हेल्माला लेखी समज देण्यात आली. मग वही फिरली. कीथने पेन हातात घेतले, थोडा वेळ ते फिरवले, आणि पुन्हा शून्य लिहिले. या वेळी शून्य जरा मोठे होते. त्याने जाळीकडे पाहिले नाही. व्हेल्माला ते लागले. चहा तसाच ठेवून ती घरी गेली.

जुलैत मंडळाने पुस्तकाच्या कण्यावर चर्चा केली.

दरम्यान जिल्हा ग्रंथालयात आकडेवारी जुळवली जात होती. बाकीची गावे चार-पाच आठवड्यांत पिशवी परत करत. टालबाराची पिशवी पाच महिने झाले तरी परत आलेली नव्हती. दाखला भरला नव्हता, म्हणजे चर्चा अजून चालू होती. इतिवृत्ताची एकूण पाने त्रेपन्न झाली होती. एवढ्या खोलात जाऊन कादंबरी वाचणारे गाव जिल्ह्यात दुसरे नव्हते. ग्रंथालयाने टालबाराला 'सखोल वाचन पुरस्कार' जाहीर केला आणि तो द्यायला प्रत्यक्ष इमोजेन क्विल्टी यांना ऑगस्टच्या गुरुवारी पाठवले.

हॉल झाडून काढला गेला. लेखिका वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, लहानखुऱ्या, लांबच्या प्रवासाने शिणलेल्या. दारात बेव्हन वही घेऊन उभा होता.

"स्वागत आहे. एवढं भरा. नाव, पान, सही."

"पान?"

"आपण हे पुस्तक कुठवर वाचलंय?"

"मी लिहिलंय ते."

"लेखनाचा रकाना नाही," बेव्हन नम्रपणे म्हणाला. "वाचलंय का?"

"बरेचदा. मुद्रितं तपासताना सहा वेळा तरी."

"शेवटपर्यंत?"

"अर्थात!"

बेव्हनने खेदाने मान हलवली आणि व्हरांड्याकडे हात केला. आत टाळ्यांच्या गजरात पुरस्कार ग्लेनिसने ग्लेनिसच्याच हस्ते स्वीकारला.

व्हेल्मा गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसली होती. ऑगस्टचा, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातला वारा मेंढ्यांच्या रानातून सरळ येत होता. तिने उठून आपली खुर्ची लेखिकेला दिली आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यातून स्वतःसाठी एक मोडकी ओढून आणली. पाय टेकायला तिने झाडांना पाणी घालायची बादली पालथी घातली.

"तुम्हालापण बाहेर काढलं?" लेखिकेने विचारले.

"एप्रिलपासून. माझं वाचून झालंय."

लेखिकेने आपली खुर्ची तिच्याकडे वळवली. "या दौऱ्यात सत्तावीस गावं झाली," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी विचारलं, लिहायला सकाळी बसता की संध्याकाळी. मांजर पाळलंय का. शेवटाबद्दल एकानंही विचारलं नाही. मला वाटायला लागलं होतं, छापताना तो राहून गेला की काय."

"नाही, आहे," व्हेल्मा म्हणाली. "तीनशे बारापासून." तिने एक घोट चहा घेतला आणि मग ॲलनबद्दल सांगितले. रेडिओ, टेबल, अंगणातून वळलेली गाडी, त्यानंतरचा हिवाळा, सगळे. नऊ वर्षांत पहिल्यांदाच ते तिच्या तोंडून बाहेर आले.

"म्हणून मला विचारायचंय," व्हेल्मा म्हणाली. "थाप पडल्यावर एडना जे करते..."

तेवढ्यात तिच्या लक्षात आले की आत फार शांतता आहे. तिने मान वळवली. जाळीच्या दाराला आतून आठ कपाळे टेकलेली होती. ग्लेनिसची बोटे नियमाप्रमाणे कानांशी होती, पण कानांत नव्हती.

"ग्लेनिस, काय चाललंय?"

"चहा हवाय का विचारायला आलो होतो."

"आठ जण?"

"सभा तहकूब केलीय," बेव्हन घाईघाईने म्हणाला. "तहकुबीत कानांवर पडलेलं इतिवृत्तात येत नाही. तू बोल. आम्ही ऐकत नाही आहोत. एडना जे करते, तिथपर्यंत आली होतीस."

"अगं सांग की!" ग्लेनिस म्हणाली. "पुढच्या महिन्यात दाखला भरून टाकू, पिशवी जाऊ दे एकदाची. उघडते की नाही?"

व्हेल्मा उठली आणि जाळीसमोर उभी राहिली. शाळेच्या बसमध्ये मागच्या सीटवरच्या पोरांकडे ती आरशातून जशी बघत असे, तशी तिने एकेकाकडे पाहिले. "कितव्या पानावर आहेस, ग्लेनिस?"

ग्लेनिसने बोटे पुन्हा कानांत घातली.

"पिशवीत दहा पुस्तकं आहेत," व्हेल्मा म्हणाली. "दार तिथं आहे."

"सरका जरा," मागून आवाज आला. आठ कपाळे बाजूला झाली आणि कीथ जाळी ढकलून बाहेर आला. त्याने कोटातून आपली प्रत काढली. ती पावसात भिजून फुगलेली होती, तिला लोकर चिकटलेली होती आणि पानांचे कोपरे दुमडलेले होते.

"मंगळवारी संपलं," तो म्हणाला.

"आणि वहीत शून्य लिहितोस?"

"यांना ते हवं होतं गं. मी पुढं गेलो असतो तर हे सगळे उघडे पडले असते. शेजारी आहेत शेवटी." तो खालच्या आवाजात पुढे म्हणाला, "तुझ्याकडं बघायची लाज वाटत होती." मग त्याने इकडेतिकडे पाहिले. "खुर्ची आहे का?"

"बादली आहे."

कीथ बादलीवर बसला. त्याने चष्मा लावला, तीनशे बारावे पान काढले आणि गुडघ्यावर ठेवले. "मला तर ते वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही," तो म्हणाला. "तुला काय वाटतं व्हेल्मा? तिनं बरोबर केलं का?"

या एका प्रश्नासाठी व्हेल्मा एप्रिलपासून थंडीवाऱ्यात बसली होती. तिने खुर्ची पुढे ओढली आणि बोलायला सुरुवात केली. ती इतक्या हळू बोलत होती की लेखिकेला आणि कीथला वाकून ऐकावे लागले. कीथ दोनदा "नाही, मला नाही पटत" म्हणाला, आणि लेखिका एकदा जोरात हसल्या आणि एकदा त्यांनी डोळे पुसले. आत बंबातले पाणी आटत आले तरी कुणी जागचे हलले नाही.

एडनाने दार उघडले की नाही, हे इथे सांगायला तशी काही हरकत नव्हती. परंतु जाळीवरची कपाळे मोजताना चिटणिसांना ती नऊ भरली. आठ सदस्यांची आणि एक बाहेरचे, हे वाचणाऱ्याचे. मघापासून तेही श्वास रोखून टेकलेले आहे. त्याची वहीत नोंद नाही. तरी आपण कृपया बंबाशेजारी यावे, वहीत आपले नाव लिहावे, आणि 'वर्णनं छान आहेत' असे आपण ज्या कादंबरीबद्दल अगदी अलीकडे म्हणालात, तिचे पान खरे-खरे लिहून सही करावी. रकान्यात शून्य मावते.